वरून आदेश आहे

"वरून आदेश आहे." हे वाक्य न ऐकलेला माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण आहे. तहसील असो, आरटीओ असो, बँक असो नाहीतर कॉलेजची खिडकी, कधी ना कधी समोरचा माणूस खांदे उडवून हे तीन शब्द बोलतोच. या तीन शब्दांची गंमत बघा. त्यात निर्णय आहे, पण निर्णय घेणारा नाही, आणि कारण तर नाहीच नाही. वाद घालायचा तर कोणाशी घालणार? 'वर' म्हणजे नक्की कुठे, हेही कोणी सांगत नाही.

मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, वकील नव्हे. पण या 'वरून आदेश'चा इतिहास शोधायला लागलो आणि फिरून फिरून आमच्या नागपूरला येऊन पोचलो. सिव्हिल लाइन्समधली ती घुमटाची, वालुकाश्माची हायकोर्टाची इमारत आपण येताजाता बघतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. निर्णय कसा घ्यावा, कोणी घ्यावा आणि त्याचं कारण कधी सांगावं या प्रश्नांवर या इमारतीत आणि इथून गेलेल्या माणसांनी बरंच काही करून ठेवलंय. त्यातल्या चार गोष्टी आज सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. १९३६ च्या जानेवारीत इथे स्वतंत्र हायकोर्ट सुरू झालं. त्याआधी ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट होतं. आजची इमारत १९४० मध्ये खुली झाली. म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू होऊन जेमतेम चार महिने झाले होते, आणि युद्धाबरोबर आले भारत संरक्षण नियम. पहिली गोष्ट तिथलीच.

या नियमांतला २६ वा नियम असा होता की सरकारची 'खात्री पटली' तर सरकार कोणालाही स्थानबद्ध करू शकेल. खटला नाही, पुरावा नाही. गोम अशी की ज्या मूळ कायद्याखाली हे नियम केले होते, त्यात शब्द वेगळे होते. कायदा म्हणत होता की ज्याच्यावर 'वाजवी संशय' आहे त्यालाच पकडता येईल. नियम लिहिताना तो 'वाजवी' गाळला गेला. आपल्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशनमध्ये एक अट होती, कोड लिहिणाऱ्यानं ती टाकलीच नाही, आणि तसंच प्रॉडक्शनला गेलं! केशव तळपदे यांच्या खटल्यात फेडरल कोर्टानं एप्रिल १९४३ मध्ये हे पकडलं आणि २६ वा नियमच बेकायदा ठरवला. सरकारनं काय केलं? काही दिवसांत वटहुकूम काढून कायद्यातले शब्दच बदलले. कोड दुरुस्त करण्याऐवजी स्पेसिफिकेशन बदललं. (ओळखीचं वाटतंय ना?)

पण १२९ वा नियम शिल्लक होता. त्यात कुठल्याही पोलीस अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येत होती, मात्र 'वाजवी संशय' असेल तरच. इथे तो शब्द जागेवर होता. नागपुरात या नियमाखाली एक अटक झाली आणि पकडलेल्या माणसाच्या पत्नी, विमलाबाई देशपांडे, हायकोर्टात गेल्या. प्रश्न साधा होता. संशय वाजवी होता की नव्हता, हे सिद्ध कोणी करायचं? तुरुंगात असलेल्या माणसानं की पकडणाऱ्या पोलिसानं?

वरवर हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण सगळा खेळ इथेच आहे. 'तुझ्यावर संशय का नसावा हे तूच सिद्ध कर' असं म्हटलं की खेळ संपला. जो संशय मला सांगितलाच नाही, तो मी खोडून कसा काढणार? नागपूर हायकोर्टानं अटक टिकू दिली नाही. सरकार थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेलं, आणि १९४६ मध्ये तिथेही हरलं. प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की अटकेला आव्हान दिलं गेलं तर आपल्या संशयाला वाजवी आधार होता हे कोर्टाला पटवून देण्याची जबाबदारी पोलीस अधिकाऱ्याची.

याचं मोल कळायला त्याच काळातलं लंडन बघायला हवं. १९४१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर लिव्हरसिज विरुद्ध अँडरसन हा खटला आला होता. (हे अँडरसन म्हणजे स्थानबद्धतेचा आदेश निघाला तेव्हाचे गृहमंत्री सर जॉन अँडरसन. १९३० च्या दशकात ते बंगालचे गव्हर्नर होते, तेव्हा स्थानबद्धतेचा विषय त्यांना नवा नव्हता!) तिथेही नियमात 'वाजवी कारण' असे शब्द होते. तरीही बहुसंख्य न्यायाधीश म्हणाले की मंत्र्याला कारण वाजवी वाटलं म्हणजे पुरे, कोर्ट आत डोकावणार नाही. एकटे लॉर्ड ॲटकिन विरोधात उभे राहिले. शब्दांचा अर्थ सरकारला हवा तसा वाकवता येतो का, हे विचारताना त्यांनी 'ॲलिस'च्या गोष्टीतल्या हम्प्टी डम्प्टीचा दाखला दिला, आणि सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. पुढे १९७९ मध्ये त्याच हाउस ऑफ लॉर्ड्सनं मान्य केलं की ॲटकिन बरोबर होते. म्हणजे साम्राज्याच्या राजधानीत मंत्र्याला जो हिशोब माफ झाला, तो नागपूरच्या पोलीस अधिकाऱ्याला द्यावा लागला. मंत्री वेगळा, पोलीस अधिकारी वेगळा, हा फरक आहेच. तरी पण युद्ध चालू असताना, परक्या सरकारच्या कोर्टात, एका बाईच्या अर्जावर हे झालं, ही छोटी गोष्ट नाही.

दुसरी गोष्ट एका माणसाची. व्हिव्हियन बोस. नाव बंगाली, घर नागपूरचं. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस यांचे हे नातू. केंब्रिजला शिकले, बॅरिस्टर झाले, नागपूरच्या लॉ कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते, मग हायकोर्टाचे न्यायाधीश आणि १९४९ मध्ये मुख्य न्यायाधीश. १९५१ मध्ये ते सुप्रीम कोर्टात गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्यासमोर एक खटला आला. तो स्थानबद्धतेचा नव्हता, देशाच्या सुरक्षेचा नव्हता. तो होता अंधेरीतल्या एका सिनेमा थिएटरचा.

गोर्धनदास भानजी नावाच्या गृहस्थांना अंधेरीत थिएटर बांधायचं होतं. नियमांप्रमाणे परवानगी द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार मुंबईच्या पोलीस कमिशनरचा. आधी नकार मिळाला, मग सल्लागार समितीनं शिफारस केली, आणि जुलै १९४७ मध्ये परवानगी मिळाली. मध्ये देश स्वतंत्र झाला. सप्टेंबरमध्ये कमिशनरच्या ऑफिसातून पत्र आलं. त्याचा मतलब असा की सरकारच्या आदेशावरून तुम्हांला कळवण्यात येतं की तुमची परवानगी रद्द झाली आहे. कारण नाही, स्पष्टीकरण नाही. थोडक्यात काय, तर 'वरून आदेश आहे'.

भानजी कोर्टात गेले. तिथे कमिशनरसाहेबांचं प्रतिज्ञापत्र आलं आणि त्यात नंतरची स्पष्टीकरणं आली. मी काय विचार केला होता, निर्णयामागे काय होतं, वगैरे. बोस यांनी दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्या आजही देशभरातल्या कोर्टांत रोज कुठे ना कुठे वापरल्या जातात.

एक : कायद्यानं अधिकार ज्याला दिलाय, निर्णय त्यानंच घ्यायला हवा. कमिशनरनं सरकारचा निरोप पोचवला, पण निर्णय त्यांचा नव्हता, आणि सरकारला तो अधिकारच नव्हता. म्हणून ती रद्दी कायद्याच्या नजरेत झालीच नाही. वरिष्ठांनी सल्ला देणं वेगळं आणि त्यांच्या हुकमावर आपला शिक्का मारणं वेगळं.

दोन : सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्या आदेशात जे लिहिलंय त्यावरूनच लावायचा. अधिकारी नंतर येऊन 'माझ्या मनात असं होतं' म्हणाला तर ते चालणार नाही. कारण लोक त्या कागदावर विसंबून वागतात, साहेबांच्या मनावर नाही.

आणि गंमत म्हणजे भानजींनी थिएटर बांधावं की नाही हे कोर्टानं स्वतः ठरवलं नाही. ज्याचं काम आहे त्यानं ते स्वतः विचार करून करावं, एवढंच सांगितलं. मला ही भूमिका फार आवडते. निर्णय चूक की बरोबर, हा पुढचा प्रश्न. तो निर्णय होता तरी का, हा आधीचा.

१९७७ मध्ये मोहिंदरसिंग गिल खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बोस यांचा दुसरा मुद्दा उचलला आणि त्यांच्या नेहमीच्या रंगतदार भाषेत सांगितलं की आदेश काही जुन्या दारूसारखे नसतात, मुरत ठेवले म्हणून चांगले होत नाहीत. आज 'आदेशात नसलेलं कारण नंतर प्रतिज्ञापत्रात घालता येत नाही' हे वाक्य सर्व्हिस मॅटर करणाऱ्या प्रत्येक वकिलाला पाठ असतं. त्याचं मूळ अंधेरीतलं थिएटर आणि नागपूरचे बोस आहेत, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

तिसरी गोष्ट, निर्णय घेणाराच स्पर्धक असेल तर? १९६९ चा क्रैपाक खटला जम्मू-काश्मीरचा, वनसेवेतल्या निवडीचा. निवड मंडळात जे वरिष्ठ वन अधिकारी बसले होते, ते स्वतःही उमेदवार होते! त्यांचं नाव चर्चेला आलं तेव्हा ते उठून बाहेर गेले, पण प्रतिस्पर्ध्यांची नावं आली तेव्हा आत होते. यादीत पहिला नंबर कोणाचा आला हे सांगायला नकोच. सरकारचं म्हणणं, हा तर प्रशासकीय मामला, न्यायदान थोडंच आहे? सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 'प्रशासकीय' आणि 'अर्धन्यायिक' यांतली रेघ आता फार पुसट झालीय, निःपक्षपातीपणा दोन्हीकडे लागतो. निकाल न्यायमूर्ती हेगडे यांनी लिहिला. पीठाच्या अध्यक्षस्थानी होते सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, इथेच वकिली केलेले आणि १९५४ मध्ये नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झालेले.

१९५६ मध्ये राज्य पुनर्रचना झाली. हायकोर्ट जबलपूरला गेलं, नागपूरची राजधानी गेली, आणि ही भव्य इमारत मुंबई हायकोर्टाच्या खंडपीठाची झाली. जुने नागपूरकर अजून त्याबद्दल हळहळतात. असो.

चौथी गोष्ट मात्र खंडपीठाचीच आहे आणि ती सुखान्त नाही. २५ जून १९७५, आणीबाणी. 'मिसा'खाली हजारो लोक आत गेले. कायद्यात कलम १६-अ घालण्यात आलं. त्याचं नववं उपकलम असं की स्थानबद्धतेची कारणं ही राज्याची गुपितं समजली जातील, ती कोणालाही सांगता येणार नाहीत. १२९ व्या नियमात इंग्रज सरकारनं निदान 'वाजवी संशय' तरी ठेवला होता. इथे तर कारण विचारण्याची सोयच काढून टाकली.

नऊ हायकोर्टांनी तरीही सांगितलं की स्थानबद्धाला आमच्याकडे येता येईल. त्यांत मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ होतं. खंडपीठानं एक मधला रस्ता काढला. उपकलम रद्द केलं नाही, पण त्याचा अर्थ मर्यादित केला. कारणं गुप्त ठेवा, पण गरज पडली तर निदान कोर्टाला ती बघता आली पाहिजेत. आपल्यातल्या लोकांना हे लगेच समजेल. लॉग पब्लिक करू नका, कबूल. पण ऑडिटरलाही वाचता येत नसेल, तर त्या लॉगचा उपयोग काय? ज्यानं लिहिला त्याच्याशिवाय तो कोणी बघणारच नसेल, तर उद्या त्यात काहीच न लिहिता काम भागेल.

सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. २८ एप्रिल १९७६ ला एडीएम जबलपूर खटल्याचा निकाल लागला. पाचांपैकी चार न्यायाधीश सरकारच्या बाजूनं गेले. नागपूरचा मधला रस्ताही बंद झाला. सुनावणीत न्यायमूर्ती खन्ना यांनी ॲटर्नी जनरलना विचारलं होतं की पोलिसानं वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तर? उत्तर आलं की आणीबाणी असेपर्यंत त्यावरही उपाय नाही. खन्नांनी एकट्यांनी विरोधी निकाल लिहिला आणि १९७७ मध्ये त्यांना डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला देण्यात आलं. ॲटकिन लंडनमध्ये एकटे होते, खन्ना दिल्लीत.

हा निकाल औपचारिकपणे मोडीत निघायला २०१७ उजाडावं लागलं. प्रायव्हसीच्या पुट्टस्वामी खटल्यात मुख्य निकाल लिहिला धनंजय चंद्रचूड यांनी. १९७६ च्या त्या चौघांत त्यांचे वडील यशवंतराव होते. नऊ न्यायाधीशांच्या त्या पीठावर नागपूरचे शरद बोबडेही होते, ज्यांची वकिली याच खंडपीठात घडली.

आता तुम्ही म्हणाल, इतिहास छान आहे, पण याचं आम्ही काय करायचं? तर मुद्दा असा, मंडळी, की हल्ली 'वर' बसलेला साहेब बऱ्याचदा आपण लिहिलेला असतो. कर्ज नामंजूर, अनुदान बंद, खातं गोठवलं, विम्याचा क्लेम फेटाळला. खिडकीवरचा माणूस आता म्हणतो, "सिस्टीम घेत नाही." हा 'वरून आदेश'चाच नवा अवतार आहे. कमिशनर फक्त निरोप पोचवतो, हे भानजींच्या वेळचं चित्र पुन्हा तसंच्या तसं.

ऑस्ट्रेलियातला 'रोबोडेट'चा प्रकार बघा. तिथल्या सरकारनं एक सिस्टीम लावली. ती लोकांचं वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यांवर सारखं वाटायची आणि त्यावरून ठरवायची की तुम्ही सरकारी मदत जास्त उचललीत, आता परत करा. ज्यांना सहा महिने काम असतं आणि सहा महिने नसतं, त्यांचं गणित साहजिकच चुकायचं. नोटीस यायची, आणि देणं नाही हे सिद्ध करायचं कोणी? नागरिकानं. कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधून. विमलाबाईंच्या खटल्यात १९४६ ला जे ठरलं होतं त्याच्या बरोब्बर उलट! २०१९ मध्ये सरकारला कोर्टात माघार घ्यावी लागली आणि २०२३ मध्ये रॉयल कमिशननं अहवालात या सगळ्या प्रकाराचे वाभाडे काढले.

यावर नेहमीचा आक्षेप असा की प्रत्येक निर्णयाला कारण मागत बसलं तर कामं कशी होणार? आणि मागितलं तरी लोक साचेबंद कारण टाकून मोकळे होतात. दोन्ही खरं आहे. ड्रॉपडाऊनमध्ये 'अदर' ठेवलं की निम्मे लोक तेच निवडतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण तरीही एक फरक उरतो. लिहिलेलं कारण खोटं असेल तर ते खोटं आहे हे दाखवता येतं. रिकाम्या रकान्याशी भांडता येत नाही. शिवाय कारण लिहायला बसलेला माणूस कधीकधी लिहिता लिहिता थांबतो, कारण त्याच्या लक्षात येतं की आपल्याकडे कारणच नाही. कामं थोडी हळू होतील, होऊ देत. ज्याचं पेन्शन अडलंय त्याला विचारा, त्याला घाई कशाची आहे.

आमच्या कामाच्या डिझाइनच्या चर्चेत म्हणून मी आता तीन प्रश्न विचारतो. हा निर्णय कोणाच्या नावावर पडणार? कारण निर्णयाच्या क्षणीच साठवलं जाणार की तक्रार आल्यावर जुळवलं जाणार? आणि चूक झाली तर सिद्ध करण्याचा भार कोणावर? लोक कंटाळतात, पण रकाना मॅंडेटरी होतो.

आणि खिडकीच्या या बाजूला असाल तेव्हासाठी एक कामाची गोष्ट. माहिती अधिकार कायदा, २००५. त्याच्या कलम ४ मध्येच लिहिलंय की प्रशासकीय निर्णयाचा ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना सार्वजनिक प्राधिकरणानं त्या निर्णयाची कारणं द्यायची आहेत. तेव्हा पुढच्या वेळी कोणी "वरून आदेश आहे" म्हणालं तर आवाज चढवू नका. कागद मागा. आदेश कोणाचा, कोणत्या तारखेचा, कोणत्या नियमाखाली, कारण काय, हे चार प्रश्न साध्या मराठीत लिहा, अर्ज आवकमध्ये द्या आणि पोच घ्या. बऱ्याचदा असं होतं की 'वर' शोधायला गेलं की तिथे कोणीच नसतं, आणि अडलेलं काम खालीच होऊन जातं.